नोटेवरचा सागर सम्राट

लग्नाच्या आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालण्याची रीत घरोघरी आहे. ती एक रुपयाची नोट उलटून पाहणारे मात्र थोडेच. तिच्या मागील बाजूस समुद्रात उभा असलेला, तेलविहीर खोदणारा एक मंच छापलेला आहे. त्याचे नाव ‘सागर सम्राट’. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली याच मंचाने तेल शोधून काढले. २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव देशभर झाले.

बोरिवलीतील एका श्रावक कुटुंबात ही नोट विशेष जपली जाते. सांगली जिल्ह्यातून आलेले आण्णा त्याच १९७६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोगात तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि ३६ वर्षे समुद्रातील मंचांवर राबून निवृत्त झाले. अर्धा महिना समुद्रात, अर्धा महिना घरी. जुहूहून हेलिकॉप्टरने जाताना त्यांच्या पिशवीत घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी गाळण्याचे फडके असे. बारा तासांच्या पाळीतही सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. रात्री जादा वायू जाळणाऱ्या ज्वालेच्या उजेडाकडे पक्षी ओढले जात. सकाळी मंचावर त्यांतले काही मरून पडलेले दिसत. ते उचलताना आण्णा णमोकार म्हणत. त्या नोकरीतून मुलांची शिक्षणे झाली, घर झाले. पण ते पक्षी त्यांच्या मनातून गेले नाहीत.

यंदा दशलक्षण पर्वात त्याच घरात एक मोठा प्रश्न उभा राहिला. भूभौतिकी घेऊन एम.एस्सी. झालेल्या नातीला समुद्रतळाचे सर्वेक्षण करणाऱ्या जहाजावर नोकरी चालून आली. तेल आहे की नाही हे पाहण्यासाठी अशी जहाजे एअरगनने दर काही सेकंदांनी पाण्यात दाबाच्या हवेचे स्फोट करतात आणि तळाखालून परतणारे ध्वनी नोंदवतात. ते जहाज चालू लागले की वाटेतील मासेमारीच्या जाळ्यांना आणि होड्यांना बाजूला व्हावे लागते.

देशातही याच विषयावर वाद रंगला होता. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यातील दुरुस्ती राज्यसभेने डिसेंबर २०२४ मध्ये आणि लोकसभेने मार्च २०२५ मध्ये मंजूर केली. गुंतवणूकदारांना स्थैर्य मिळेल, असे सरकारचे म्हणणे. राज्यांच्या अधिकारांचे आणि पर्यावरणाचे काय, असा विरोधकांचा प्रश्न. पूर्वी शोधकार्यास बंद असलेले सुमारे १० लाख चौरस किलोमीटर समुद्रक्षेत्र खुले केल्याचे सरकारने सांगितले होते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील तेलशोधाची राष्ट्रीय मोहीमही घोषित केली.

चिरंजीवांची बाजू स्पष्ट होती. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. आपल्या समुद्रात असेल तर ते का काढू नये? जुन्या मुंबई हायचे उत्पादन घटत चालले आहे, नवे साठे शोधलेच पाहिजेत. सूनबाईंनी गोराईच्या किनाऱ्याचा दाखला दिला. दर पावसाळ्यात तेथे डांबराचे गोळे वाहून येतात, पायांना चिकटतात. आण्णांनी तेथे एक दुरुस्ती केली, की हे गोळे केवळ तेलविहिरींतून येतात असे नाही. जहाजे टाक्या धुतात तेव्हाही ते येतात. पण धोका खोटा नाही, हेही त्यांनीच सांगितले. २७ जुलै २००५ रोजी, महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय उत्तर मंचाला एका साहाय्यक जहाजाची धडक बसून आग लागली. ३६२ जण वाचले, २२ जणांचे प्राण गेले. आण्णा त्या पंधरवड्यात घरी होते, बोरिवलीच्या पाण्यात अडकलेले. मे २०२१ मधील तौक्ते वादळात पी-३०५ तराफा बुडाला, तेव्हा सत्तरहून अधिक कामगार गेले. त्या दिवशी आण्णांनी अन्न घेतले नाही.

मग चिरंजीवांनी अवघड प्रश्न काढला. “कोळी बांधवांचे नुकसान होते म्हणता, पण मासेमारीची बाजू आपण जैनांनी कशी घ्यावी?”

क्षणभर कोणी बोलले नाही. आण्णा म्हणाले, “त्यांच्या हिंसेचा हिशेब मांडायला बसलो, तर आपला राहून जाईल. पर्वात आपण पाणी गाळतो, उकळतो. ते कशावर उकळते? समुद्रातला वायू नळाने उरणला येतो, तिथून शहराच्या पाइपांत. मी तो नळ सांभाळला आहे. आपल्या प्रासुक पाण्याखालीही समुद्र जळतो आहे.”

त्यांनी कपाटातून आचार्य समंतभद्रांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ काढला. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत तेथे प्रमादचर्या सांगितली आहे. प्रयोजनावाचून पृथ्वी, जल, अग्नी व वायू यांचा आरंभ करणे, वनस्पती तोडणे, तसेच निष्कारण हिंडणे आणि दुसऱ्यास हिंडविणे, यांचा तीत समावेश होतो. गृहस्थाला सर्व आरंभ सुटत नाही, हे आचार्य जाणतात. म्हणून गृहस्थापुढे ते प्रयोजनाचा प्रश्न ठेवतात. आण्णांचे म्हणणे एवढेच होते, की संसदेतला वाद ‘खोदावे की खोदू नये’ असा आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला सरकार आहे. ‘खोदलेल्यातले किती व्यर्थ जाते’ हा प्रश्न मात्र कोणतेही सरकार आपल्यासाठी सोडवणार नाही. समुद्रावर नवी विहीर मागणाऱ्याने आणि तिला विरोध करणाऱ्यानेही आधी आपली वही पाहावी.

उत्तम संयमाच्या दिवशी खरोखरच वही निघाली. मंदिर दहा मिनिटांच्या अंतरावर असताना गाडी किती वेळा काढली, सिग्नलला इंजिन किती वेळ चालू राहिले, रिकाम्या खोलीत वातानुकूलन किती वेळ चालले, हे आठवून आठवून लिहिले गेले. पान भरले तेव्हा चिरंजीव, जे नव्या विहिरींचे कैवारी होते, आणि सूनबाई, ज्या विरोधक होत्या, दोघांच्याही नावापुढच्या नोंदी जवळपास सारख्याच निघाल्या.

नातीने विचारले, “आजोबा, मग मी नोकरी घेऊ की नको?”

आण्णांनी थेट उत्तर दिले नाही. पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत सांभाळून परत सोडण्याचा आपला आचार आहे, याची त्यांनी तिला आठवण दिली. “पाणी घेणाऱ्यावर जिवाणीची जबाबदारी असते. तुझ्या जहाजावर ती कोण घेतो, ते विचार.”

तिने कंपनीला तीन प्रश्न लिहून पाठवले. देवमासे आणि डॉल्फिन जवळ आले तर स्फोट थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? ते दूर जाऊ शकतील अशा बेताने आवाज हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत पाळली जाते का? ज्यांची जाळी उचलावी लागतात त्या मच्छीमारांना पूर्वसूचना आणि भरपाई कोण देतो?

क्षमावणीच्या दिवसापर्यंत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली, समाधानकारक आली. तिसऱ्याचे आले नाही. “ते आल्याशिवाय सही करू नकोस,” एवढे आण्णा म्हणाले, आणि नोकरी हातची जाण्याचा धोका पत्करून तिने ते मानले. घरातील मंडळी आता मंदिरात पायी जातात. चिरंजीवांनी दुसऱ्या गाडीची केलेली नोंदणी मात्र अद्याप रद्द झालेली नाही. त्यावर बोलणे चालू आहे, आणि ती वही जेवणाच्या टेबलावर तशीच ठेवलेली आहे.