मागे टाकणं

यंदा दशलक्षण पर्वात वालूरच्या घरी मोठ्या जाऊबाई आणि मी, दोघींनी दहा उपवास धरले. पाचव्या दिवशी त्यांना चक्कर आली, उपवास सोडावा लागला. मी माहेरी फोनवर म्हटलं, "जाऊबाईंना मागे टाकलं!"

सासूबाईंनी ऐकलं. "टाकलं? टाकतात तो कचरा. नाहीतर नवऱ्यानं टाकलेली बाई."

'पुढे जाणं' म्हणताना आपणच चालतो. 'मागे टाकणं' म्हटलं की दुसऱ्याला टाकावंच लागतं. त्यापेक्षा 'जिंकणं' बरं. 'जिन' म्हणजे जिंकलेले, पण माणसाला नव्हे, स्वतःच्या रागद्वेषाला. आणि मी तर दुसऱ्याच दिवशी उत्तम मार्दवाचं प्रवचन मान डोलावत ऐकलेलं!

क्षमावाणीला जाऊबाईंसमोर हात जोडले. त्या पाणी गाळत होत्या. "कशाची गं क्षमा?"

तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला.