कप्तानाचे वडे

दडपण म्हणजे काय, ते मला आमच्या चाळीच्या संघातून खेळताना कळलं. शेवटचं षटक, समोरच्यांना हव्यात फक्त आठ धावा आणि चेंडू माझ्या हातात! आधीच्याच षटकात मी तीन चौकार खाल्लेले. हात असा कापत होता, की चेंडू आपोआप स्विंग व्हावा!

कप्तान जवळ आला. वाटलं, आता चेंडू काढून घेणार. तर म्हणाला, "टाक रे बिनधास्त! हरलो तर सगळ्यांना वडे माझ्याकडून." सगळे हसले. अकरा जणांच्या पोटातला गोळा जरा खाली बसला.

पुढे १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही असंच काहीसं झालं. आपल्या धावा अवघ्या १८३. रिचर्ड्सने मदनलालला झोडपलेलं. तरी त्याने आणखी एक षटक मागितलं. कपिलने दिलं आणि त्याच्याच चेंडूवर रिचर्ड्सचा झेल उलटं धावत जाऊन स्वतः घेतला! ४३ धावांनी आपण जिंकलो.

आमचं म्हणाल, तर आम्ही तिसऱ्याच चेंडूवर हरलो. पण वडे खाताना मला कोणी चकार शब्दाने बोललं नाही. दडपण अकरांनी वाटून घेतलं होतं. बिल मात्र एकट्या कप्तानाच्या नावावर. तेही उधारीत!