सोने आणि नेजा

कोल्हापूरचा दसरा म्हणजे सोने लुटण्याचा सण, एवढेच आमच्या मुलांना माहीत असते. त्यामागे घोडा होता आणि शेतही होते. पावसाळ्यात नद्या दुथडी भरत, मोहिमा थांबत, शिपाई नांगर धरी. आश्विनात पीक हाती येऊ लागले, नद्यांना उतार मिळाला, की हत्यारे पुजून सीमोल्लंघन होई. पेशवाईत दसऱ्याच्या स्वारीत उभ्या शेतातली कणसे लुटण्याची चाल होती. आज आपट्याची पाने लुटतात.

मराठा स्वारांचा एक खेळ होता बोथाटी. लांब काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा, तो रंगात भिजवलेला. दोन स्वार एकमेकांवर घोडे घालत आणि अंगावर रंगाचा डाग उमटला की वार लागला असे समजत. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर पासोला नावाचा असाच खेळ होतो. तिथे स्वार बोथट लाकडी भाले फेकतात आणि जमिनीवर रक्त सांडले तर पीक चांगले येते असे मानतात. बोथाटीत रक्ताचे काम रंगावर भागले. कोल्हापूरच्या तालमींनी लाठी, दांडपट्टा, फरीगदगा टिकवला. घोडा मात्र मागे पडला.

आम्ही उर्दू शिकवतो. स्वार, शिलेदार, जीन, लगाम, रिकीब, नेजा हे शब्द आमच्या मुलांना उर्दू वाटतात, शेजारच्या शाळेतल्या मुलांना मराठी. दोघांचेही खरे आहे. १६६० साली पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलालही आपल्या मुलासह धावून आले होते. ज्या दसरा चौकात शमीपूजन होते, तिथेच राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग आहे.

जून २०२३ मध्ये याच शहरात दगडफेक झाली. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाजवळच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. तेव्हापासून आमच्यातले पालक विचारतात, मुलांना दसऱ्याच्या गर्दीत पाठवावे का? भीती खोटी नाही. पूजा ज्याची त्याची, आपला अकिदा आपल्याजवळ. पण मर्दानी खेळ पाहायला, शेजाऱ्याने दिलेले आपट्याचे पान घ्यायला त्यांना जरूर जाऊ द्यावे. हे शब्द आपले, पन्हाळा आपला, ते बोर्डिंगही आपले. एवढे सगळे सोडून आपण कुठली सीमा ओलांडणार?