मागचे आसन

संसाराला दोन चाकांच्या रथाची उपमा ज्याने दिली, त्याने रथात मागे कोण बसले आहे याची चौकशी केली नसावी. मीही तीन वर्षे केली नव्हती.

आमचे बिऱ्हाड कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्सजवळ. १९७६ च्या ऑक्टोबरात इथल्याच एका डोंगरउतारावर काही तरुणांनी जुन्या सायकलींची शर्यत लावली. ब्रेक इतके तापत की आतले वंगण जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नाव ‘रीपॅक’ पडले. अशा गावात राहून सायकलीचे वेड न लागले तरच नवल!

सौ.ची दृष्टी मंदावली, तेव्हा तिचा डोंगर सुटू नये म्हणून मी जोडसायकल घेतली. दोन्ही चाकांना स्प्रिंगा. पुढे मी, मागे ती. दगड दिसला की मी ओरडे, “खड्डा!” आणि घरी आल्यावर म्हणे, “आज वाट कशी गुळगुळीत होती, नाही?” ती काही बोलत नसे. कमरेला शेकायची पिशवी तेवढी घेई.

एकदा आमच्या सायकल-मिस्त्रीने मलाच मागे बसवून उतारावर नेले. पहिल्याच दगडाला माझे दात आपटले. तो हसून म्हणाला, “पुढचा माणूस दोन चाकांच्या मध्याजवळ असतो. मागचे चाक आठ सेंटिमीटर उचलले, तर त्याच्या वाट्याला निम्मेच येते. मागचा चाकाजवळ, त्याला जवळजवळ सगळेच!”

शिवाय आमच्या सायकलीचा मागचा भाग एकट्याच्या सायकलीसारखा होता. चाक पंधरा सेंटिमीटर उचलले की शॉक-अ‍ॅब्सॉर्बर पाचच दबे. म्हणजे त्याच्यावर भार तिप्पट. दोघांच्या वजनाने तो पार तळाला थडके, आणि हवा तरी किती भरणार? मिस्त्रीने स्वतः नवी फ्रेम बांधली. चाकाची चाल दहा सेंटिमीटर, शॉकची पाचच. भार दुप्पटीवर आला. मागच्या चिमट्याच्या बिजागरीवर मात्र त्याने आठवडाभर डोके खाजवले. बिजागरी फार खाली ठेवली, तर चार पायांच्या जोराने साखळी ताणली जाऊन सायकल मागे बसते. फार वर ठेवली, तर प्रत्येक दगडाला साखळी पायडलना हिसका देते. आणि पुढचे-मागचे पायडल एकाच साखळीने बांधलेले, म्हणून तो हिसका चारही पायांना!

“इतके दिवस बोलली का नाहीस?” मी सौ.ला विचारले.

“अहो, बोलले असते तर तुम्ही जायचेच बंद केले असते. मग मला डोंगर कोण दाखवणार?”

मी गप्प राहिलो.

परवा नव्या सायकलीवरून उतरताना सवयीने ओरडलो, “खड्डा!”

क्षणभराने मागून आवाज आला, “कुठे?”