सातबाऱ्यावर नसलेली नदी

आम्हा धर्मगुरूंचे निम्मे आयुष्य नोंदवह्यांच्या सहवासात जाते. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू: धर्मग्रामाशी असलेले माणसाचे नाते त्या जाडजूड पुस्तकांत सामावलेले असते. जुनी नोंद सापडली की विचारायला आलेल्या वारसाचा चेहरा उजळतो. म्हणूनच, पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही वहीशिवाय ज्या समाजाने आपले जीवन सुव्यवस्थित राखले, त्याच्या विचाराने मी अंतर्मुख होतो.

सातपुड्याच्या कुशीत, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत, नर्मदेच्या काठी भिल्ल आणि पावरा आदिवासींची गावे वसली. गाव म्हणजे घरांची दाटी नव्हे. टेकडीटेकडीवर विखुरलेली घरे आणि ज्याच्या त्याच्या घराभोवती त्याचे शेत. डोंगरउतारावर पावसाळी ज्वारी, मका, तूर. पाणी ओसरले की काठच्या सुपीक गाळात दुसरे पीक. नदीत मासे, रानात चारोळी, डिंक, तेंदूची पाने. मोहाचा बहर आला की पहाटेच सारे घर फुले वेचायला बाहेर पडे. घर उभारायचे वा शेत निंदायचे झाल्यास शेजारी एकत्र येत; या परस्परसाह्याला त्या काठांवर ‘लाहा’ म्हणतात. त्यात मजुरी नाही. यजमानाने जेवू घालावे आणि पाळी आली की आपणही दुसऱ्याच्या शेतात जावे. इंदलच्या उत्सवात रात्रभर गाणी चालत. सृष्टीची कथा, कुळाचा इतिहास, सारे काही मुखोद्गत!

मात्र कायदा कागद मागतो. १८७८ च्या वन कायद्याच्या आधारे जंगले राखीव होत गेली आणि कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरला. पुढे सरदार सरोवर धरण आले. १९७९ साली नर्मदा पाणी तंटा लवादाने, एकचतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, असा निवाडा दिला. तो त्या काळी उदार म्हणावा असाच होता. परंतु सातबारा नसलेल्याने काय करावे? काठचा गाळ, मासे, मोहाची झाडे आणि ‘लाहा’ यांचे मोल कोणत्या रकान्यात लिहावे? महाराष्ट्रातील ३३ गावे बुडितात आली. दीर्घ लढ्यानंतर अनेकांना जमिनी मिळाल्या हे खरे. पण जमिनीबरोबर नदी मिळाली नाही आणि शेजारही विखुरला. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटरपर्यंत प्रथमच पूर्ण भरला.

वनवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच मान्य केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले की, आदिवासींच्या लेखी भूमी ही विक्रीची वस्तू नसून परमेश्वराचे व पूर्वजांचे दान आहे. दोन्ही शब्द मोलाचे आहेत. दुर्दैव इतकेच, की ते उच्चारले गेले तेव्हा मणिबेलीसारख्या गावांच्या शेतांवर पाणी चढून कैक वर्षे लोटली होती.

तरीही मला आशा वाटते ती १९९० च्या दशकात या काठांवर सुरू झालेल्या जीवनशाळांमुळे. तेथे वडीलधाऱ्यांच्या मुखातील कथा मुलांसाठी त्यांच्याच बोलीत पुस्तकरूप झाल्या. सरकारी दप्तराने जे टिपले नाही, ते या लेकरांनी वाचले. ज्याची नोंद आपल्यापाशी नाही, ते अस्तित्वातच नाही असे मानण्याची घाई आपण सुशिक्षितांनी तरी करू नये. आधी त्या माणसांपाशी बसून ऐकावे, लिहिणे त्यानंतरचे.