दुर्बिणीखालची चाकं

हौशी खगोलछायाचित्रकार भिंग-आरशांबद्दल तासन्‌तास बोलतात. फोटोत तारे टिंबांसारखे येणार की रेघोट्यांसारखे, हे मात्र बरंचसं दुर्बिणीखालच्या माउंटवर ठरतं. आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि माउंटने दुर्बीण नेमकी त्याच गतीने वळवायची असते. १८२४ मध्ये फ्राउनहोफरने डोर्पाट वेधशाळेसाठी बांधलेल्या दुर्बिणीत हे काम वजनावर चालणारं घड्याळयंत्र करायचं.

नंतर हौशींच्या माउंटवर वर्म गिअरचं, म्हणजे मळसूत्राने (वर्मने) फिरणाऱ्या दातेरी चाकाचं, राज्य आलं. १८० दातांच्या चाकावर वर्मचा एक फेरा सुमारे ४७९ सेकंदांत पुरा होतो आणि वर्मच्या घडणीत राहिलेली चूक दर फेऱ्याला परत येते. दातांत फट ठेवली तर बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई), घट्ट बसवलं तर थंडीत चाक अडकतं.

आता या मांडणीला धक्का दिला आहे स्ट्रेन वेव्ह गिअरने. वॉल्टन मसर यांचा १९५०च्या दशकातला हा शोध औद्योगिक रोबोंच्या सांध्यांत रुळला. १९७१ मध्ये अपोलो १५च्या चांद्रगाडीच्या चाकांमध्येही तो होता. पातळ, लवचीक पोलादी कपाला आतून एक लंबगोल कॅम ताणतो, त्यामुळे कपाचे दात बाहेरच्या कड्यात समोरासमोरच्या दोन जागी बसतात. कपाला २०० आणि कड्याला २०२ दात असतील, तर कॅमच्या १०० फेऱ्यांत कप फक्त एक फेरा घेतो, तोही उलट्या दिशेने. बॅकलॅश जवळजवळ शून्य. ताकद इतकी की दक्षिण कोरियाच्या रेनबोअ‍ॅस्ट्रोचा ३.३ किलोचा आरएसटी-१३५ माउंट काउंटरवेटशिवाय, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाशिवाय, १३.५ किलो पेलतो. आकाशदर्शनासाठी लोकलने वांगणी गाठणाऱ्या मुंबईकराला वजनातला हा फरक खांद्यालाच जाणवेल.

किंमत अचूकतेत मोजावी लागते. झेडडब्ल्यूओच्या एएम५ या स्ट्रेन वेव्ह माउंटची चूक कंपनीच्याच सांगण्यानुसार ±२० विकलांच्या आत असते, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० विकला. ५०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर तारा २५हून अधिक पिक्सेल सरकेल. शिवाय ही चूक झपाट्याने बदलते, म्हणून एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गाइड कॅमेऱ्याला साधारण दर सेकंदाला दुरुस्ती पाठवावी लागते. मध्येच ढग आला की सगळं विसकटतं.

म्हणून यापुढची मोठी झेप मोजमापात असेल, असं मला वाटतं. मोटरने किती फेरे घेतले यापेक्षा अक्ष प्रत्यक्षात किती वळला, हे अक्षावरचाच एनकोडर सांगतो. १०मायक्रॉनसारख्या महागड्या माउंटवर ही सोय आहे. प्लेनवेव्हच्या एल-३५०मध्ये तर मधला गिअरच नाही, मोटर थेट अक्षावर बसते. असे एनकोडर मध्यम किमतीच्या माउंटवर सर्रास आले, तर गायडिंगवरचा भार बराच हलका होईल. वातावरणातलं वक्रीभवन आणि नळीची लवचीकता मात्र एनकोडरला दिसत नाही. ती सॉफ्टवेअरनेच सांभाळायची. गिअरच्या चुकीवरही सॉफ्टवेअरचा उपाय आहे: पीएचडी२ या गायडिंगच्या मोफत प्रणालीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी घडवलेली पद्धत माउंटची लय शिकून पुढची चूक आधीच ओळखते.

सीस्टार एस५०सारख्या छोट्या दुर्बिणी दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम रचून हा प्रश्नच सौम्य करतात. नवख्यांना ती वाट पुरेल. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमधून एखादा अंधूक तेजोमेघ पाच-पाच मिनिटं टिपणाऱ्याला मात्र चांगला माउंट लागणारच.

अशांसाठी मला सर्वांत आशादायक वाटतो तो हॉवर्ड डटन यांचा ऑनस्टेप हा ओपन सोर्स माउंट-नियंत्रक. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा स्वस्त बोर्ड आणि दोन स्टेपर मोटर जोडून कोपऱ्यात पडलेला जुना माउंट पुन्हा ट्रॅकिंग करू लागतो, आणि बिघाड झाला तर कोणता भाग बदलायचा हे मालकाला स्वतः शोधता येतं.