साडूभाऊंचे बारा हजार पॉइंट

माणसाने कोणाशीही बरोबरी करावी, साडूशी करू नये. सख्खा भाऊ पुढे गेला तर आनंद होतो, शेजारी पुढे गेला तर आपण खिडकी लावून घेतो. पण साडू पुढे गेला की त्याची वार्ता आपल्याच स्वयंपाकघरातून आपल्याला ऐकावी लागते. गणपतीत आमचे साडूभाऊ आले आणि मोदकावर तूप घेता घेता म्हणाले, “आमचे वर्षाला बारा हजार पॉइंट. तुमचे किती?”

आमचे शंभर होते. सौभाग्यवतींनी तुपाचे भांडे जरा जोरातच खाली ठेवले.

हे पॉइंट म्हणजे सुट्टीतल्या बिऱ्हाडाचे चलन. एकदा मोठी रक्कम भरावयाची, पुढे दरसाल देखभालीची वर्गणी द्यावयाची, आणि बदल्यात ठरावीक पॉइंट मिळवून कंपनीच्या कोणत्याही गावच्या खोलीत राहावयाचे. कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही संस्था १९६३ साली निघाली आणि अशा पॉइंटांवर चालू लागली. १९७४ साली अमेरिकेत आरसीआय आली. तिने आपला आठवडा देऊन दुसऱ्याचा घेण्याची सोय केली आणि हंगामांना तांबडा, पांढरा, निळा असे रंग दिले. तांबडा म्हणजे गर्दीचा, निळा म्हणजे ओस पडलेला. पुढे हे लोण आपल्याकडेही आले. ज्या दोन कंपन्यांनी आम्हां साडूंना पंखाखाली घेतले, त्यांची नावे मात्र येथे नकोत. दोष त्यांचा किती आणि आमच्या हिशेबाचा किती, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

त्या रात्री मी वही काढली. मी मराठीचा प्राध्यापक. अलंकार मोजण्याची सवय आहे, रुपये मोजण्याची नाही. तरीही मांडणी केली. मी पंचवीस वर्षांसाठी तीन लाख भरलेले. म्हणजे सालीना बारा हजार. वर्गणी अठरा हजार. एकूण तीस हजार रुपये आणि पॉइंट शंभर. माझा एक पॉइंट तीनशे रुपयांचा! साडूभाऊंनी दहा वर्षांसाठी साडेचार लाख भरलेले. सालीना पंचेचाळीस हजार, वर्गणी पंधरा हजार, एकूण साठ हजार. भागिले बारा हजार. त्यांचा एक पॉइंट पाच रुपयांचा. मी मिशीवरून हात फिरविला.

पण पॉइंट खाता येत नाही, पांघरता येत नाही. त्याने रात्र विकत घ्यावी लागते. तांबड्या हंगामात एका रात्रीला माझे वीस पॉइंट जातात, म्हणजे सहा हजार रुपये. त्यांचे दीड हजार जातात, म्हणजे साडेसात हजार. पावसाळ्यात मात्र माझे दहा, म्हणजे तीन हजार. आणि त्यांचे चारशे, म्हणजे अवघे दोन हजार. दिवाळीत मी शहाणा, आषाढात साडूभाऊ शहाणे. पॉइंटाची किंमत पॉइंटात नसून तिथीत असते, हा सिद्धांत मला इतका आवडला की मी तो वहीत अधोरेखित केला.

“बाबा, तीन लाखांचे व्याज धरलेत का?” वाणिज्य शाखेत शिकणारे चिरंजीव मागे येऊन उभे होते. सहा टक्क्यांनी सालीना अठरा हजार. दिवाळीची रात्र सहा हजारांवरून नऊ हजार सहाशेवर गेली. “आणि जे पॉइंट वाया गेले ते?” गेली दोन वर्षे निम्मे पॉइंट मुदत संपून गेले होते. म्हणजे वापरलेल्या रात्रीची किंमत पुन्हा दुप्पट. मी वही मिटली.

पॉइंट वाया का गेले? प्राध्यापकाला सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात. नेमक्या तेव्हाच साऱ्या मुंबईला समुद्र आठवतो. गेल्या दिवाळीत आईने आयुष्यात प्रथमच काही मागितले होते. “एकदा समुद्राची गाज ऐकत निजावेसे वाटते रे,” म्हणाली. मी फोन केला, खोली नव्हती. साडूभाऊंनी आपल्या कंपनीत फोन केला, तेथेही नव्हती. माझे शंभर आणि त्यांचे बारा हजार त्या दिवशी एकाच भावाचे झाले. शून्याच्या.

मग आम्ही श्रीवर्धनला गेलो. तेथे आमची वाडी आहे: थोडे माड, पुष्कळशा पोफळी आणि पडवीचे जुने घर. आजोबांच्या तिघा मुलांनी वाडीची वहिवाट आळीपाळीने ठरविली होती. ज्याचे वर्ष त्याने नारळ-सुपारी घ्यावी, सारा भरावा, कुंपण करावे. एखाद्या वर्षी सुपारी झडे, एखाद्या वर्षी भाव चढे, आणि मग कोणाचे वर्ष किती मोलाचे यावरून ओटीवर अशीच वही निघे. पण राहण्याची पाळी कोणीच लावली नव्हती. ज्याला जेव्हा यावयाचे त्याने तेव्हा यावे. आईने माजघरात चार रात्री समुद्राची गाज ऐकली. मी मनात म्हटले, हा खरा फुकटचा पॉइंट!

परतण्याच्या आदल्या रात्री चुलतभाऊ अण्णांनी विषय काढला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अर्ध्या पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली. तेव्हा आम्ही तिघांनी खर्च वाटून घेतला. माझा वाटा तीन वर्षांच्या वर्गणीएवढा आला. पुन्हा लावलेली रोपे आता कोठे फळू लागलेली. अशात एक गिऱ्हाईक आले होते. “विकावी का?” अण्णांनी विचारले. मला राग आला. आजोबांची वाडी! मी थोडे भाषणच केले.

वहिनी ओटीवर सुपारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भावोजी, मे महिन्यात सतरा माणसे येऊन गेली. आता दिवाळीला तुम्ही. पुढच्या आठवड्यात नागपूरचे येतील. मी विकायला काढलेली नाही, पण मला आता वाकवत नाही.”

मी गप्प बसलो. माझ्या वहीत व्याज होते, वाया गेलेले पॉइंट होते. पण वर्षानुवर्षे पहाटे उठून आमच्यासाठी चूल पेटविणाऱ्या या बाईचा एकही आकडा नव्हता. कंपनी वर्गणी घेते म्हणून मी कुरकुरतो. त्या वर्गणीतून निदान कोणाच्या तरी हाती पगार पडतो. आमचे घर फुकट नव्हते. त्याची वर्गणी एकटी वहिनी भरीत होती, आणि पावती कोणी मागितली नव्हती.

त्या रात्री आम्ही नवी वहिवाट ठरविली. जो राहील त्याने दरदिवसाचे ठरावीक पैसे ठेवावयाचे. त्यातून स्वयंपाकाला आणि झाडलोटीला बाई लावावयाची. पैसे वहिनींच्या हाती. आणि येण्यापूर्वी विचारावयाचे. शेवटचे कलम लिहिताना मला जरा अवघड वाटले. आपल्याच घरी विचारून कसे जावयाचे? पण वहिनींचा चेहरा पाहिला आणि लिहून टाकले. वाडी तूर्त विकावयाची नाही असे ठरले. तूर्त, असे मी मुद्दाम म्हणतो.

हे सारे परवा साडूभाऊंना सांगितले. ते बराच वेळ गंभीर होते. मग हळूच म्हणाले, “नाताळात चार दिवस मिळतील का हो तिथे? आमचे पॉइंट काही लागत नाहीत.”

“विचारून सांगतो,” मी म्हटले.

“अण्णांना?”

“छे! वहिनींना.”